चपलेच्या नावचं टोकन

खाली बघा. आणखी खाली. हां, मीच बोलतेय. डाव्या पायाची चप्पल. लगेच नाक मुरडू नका. पायात घालताना लाज वाटत नाही, आणि मी तोंड उघडलं की मात्र तुमची तोंडं वाकडी! असू दे. तुमच्या घरात कुणाच्या मोतीबिंदूचे कागद असतील तर ते माणसाच्या नावचे असतील. माझ्या घरातले माझ्या नावचे आहेत, शिक्क्यासकट. तेव्हा जरा मान ठेवून ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. माप दहा, पुरुषी, रंग हिरवा, पट्टा काळा. सोबत उजवी बहीण. पहिला मालक पाय घासत चालायचा, त्यामुळे माझी टाच लवकर गेली. एक दिवस उजवीचा पट्टा तुटला आणि त्यानं दोघींना उचलून कचऱ्यात टाकलं. तुटली एक, फेकल्या दोघी. मी काय केलं होतं, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

कचऱ्याच्या गाडीतून मी गावाबाहेरच्या डोंगरावर येऊन पडले. डोंगर म्हणजे कचऱ्याचाच. त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची वस्ती आहे आणि तिथली सगळी माणसं हा डोंगर निवडून पोट भरतात. कुणी कागद निवडतं, कुणी प्लास्टिक, कुणी पत्रा. मला उचललं ते काच निवडणाऱ्या आजीनं. वस्ती तिला काचआजी म्हणते.

आजीचा पाय एवढासा. माझ्यात तिचा अख्खा पाय मावून वर पाहुणा ठेवायला जागा उरायची. उजव्या पायात कुठल्याशा लग्नातली बाईमाणसाची नाजूक चप्पल, वर फूल. आम्हा दोघींचं कधी पटलं नाही. चालताना ती टिकटिक करायची, मी फटफट. पण आजीला त्याचं काही नव्हतं. तिनं मला हातानं चाचपून निवडलं होतं, डोळ्यांनी नव्हे. डोळ्यांत काही उरलंच नव्हतं तिच्या.

म्हणजे अगदी आंधळी नव्हती हो. उजेड कळायचा, माणसाची आकृती कळायची. पण काचेचं काम म्हणजे पांढरी वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी. आजीला सगळंच चहाच्या रंगाचं दिसायचं. बोटं कापून घ्यायची, चिंधी बांधायची आणि पुन्हा चाचपत बसायची. शेवटी मुकादम म्हणाला, "आजी, पांढऱ्यात हिरवी किती मिसळता! पुढच्या महिन्यापासून घरी बसा. मी दुसरी बाई बघतो."

घरी येऊन आजी बोटांची चिंधी सोडून बसली. सून मात्र बोलली. जिभेची तिखट, पण मनानं सरळ बाई. "घरी बसून काय करणार? माझं डोकं खाणार! त्यापेक्षा डोळ्यांची गाडी येतेय, दाखवून घ्या."

डोळ्यांची गाडी म्हणजे फिरता दवाखाना. चार महिन्यांतून एकदा यायची, वस्तीच्या तोंडाशी पिंपळाखाली थांबायची आणि टोकनं द्यायची वीस. एकवीसही नाही. वस्तीत डोळे मात्र हजार-बाराशे.

आता आमची एक रीत सांगते. आमच्याकडे रांगेत माणूस उभा राहत नाही. माणसाला वेळ कुठाय? कामावर गेलं नाही की जागा गेली. म्हणून रांगेत वस्तू उभी राहते. पहाटे ज्यानं त्यानं आपली वस्तू नेऊन ठेवायची: वीट, काठी, पाण्याचा कॅन, दगड घातलेली पिशवी. गाडी दहाला आली की कामावरून पळत यायचं आणि आपल्या वस्तूच्या जागी उभं राहायचं. कुणी कुणाची वीट इंचभर मागे सरकवल्याचं मी कधी ऐकलं नाही. एवढा सचोटीचा कारभार मी कारखान्यातही पाहिला नव्हता.

आजीकडे ठेवायला काही नव्हतं. बादली पाण्याला हवी, पातेलं चुलीवर. मग तिनं मला काढलं.

"अहो आई, काचेत अनवाणी जाताय?" सून ओरडली.

"एकाच पायानं. दुसऱ्यात आहे की."

मी विसावी. माझ्यामागे एक फुटकं तसराळं होतं, ते एकविसावं. त्याच्याकडे मी पुन्हा बघितलं नाही. बघवलं नाही.

आणि त्या दिवशी कधी नव्हे ते घडलं. गाडी आठलाच आली. मोठे साहेब दुपारी कुठंतरी भेट देणार होते, तोवर गाडीला तिकडे पोचायचं होतं. टोकनवाला खाली उतरला. रांगेत माणूस एकही नाही. आम्ही मात्र झाडून सगळ्या हजर.

"डॉक्टर, पेशंट नाहीत," तो आत बघून म्हणाला.

"रांग आहे का?" आतून आवाज आला.

"रांग आहे."

"मग घे की. वीस झाल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, आणि बारापर्यंत हलवायची आहे."

टोकनवाल्यानं क्षणभर विचार केला, वहीत रेघा मारल्या आणि विटेच्या डोक्यावर टोकन नंबर एक ठेवलं.

देवाशपथ सांगते, डॉक्टर वाईट नव्हता. दमलेला होता. सहा दिवसांत सहा वस्त्या करून आला होता आणि त्याची मान फॉर्ममधून वर निघतच नव्हती. वीट आत गेली. तिला धुळीचा त्रास निघाला, थेंब मिळाले. काठीला वाचायचा चष्मा लागला. पाण्याच्या कॅनवर त्यानं बॅटरी मारली, उजेड आरपार गेला. "नजर उत्तम," असं लिहून त्याला घरी पाठवलं. कॅनवाले आजोबा नंतर धापा टाकत आले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या कॅनला काहीही झालेलं नाही, उगाच घाबरू नका. आजोबांना खांबही दिसत नव्हता. ते खांबालाच धन्यवाद म्हणाले.

मग माझा नंबर. टोकनवाल्यानं केस पेपर केला. नाव, चप्पल. वय, त्यानं माझी टाच निरखून साठ लिहिलं. पत्ता, नाही. मला खुर्चीत बसवलं.

"समोरची अक्षरं वाचा," डॉक्टर म्हणाला.

मी काय वाचणार? शाळेच्या दारापर्यंत गेलेय मी, आत कुणी नेलंय का कधी?

"सगळ्यात मोठं तरी? नाही? वर बघा." मी जन्मभर वरच बघत आलेय. त्यानं बॅटरी मारली. उजेड अजिबात आरपार गेला नाही. "अरेरे," तो म्हणाला. खरंच हळहळला बिचारा. "मोतीबिंदू दोन्हीकडे पूर्ण पिकलाय. इतके दिवस काय करत होतात? डावा डोळा आधी करू. ऑपरेशनच्या यादीत घ्या हिला."

आजी आली तेव्हा टोकनवाला टेबल आवरत होता. डाव्या पायाला चिंधी, चिंधीतून रक्त. तिचा तो पाय बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळे ना! मी पायात असते तर लागलं नसतं.

"माझा नंबर विसावा, साहेब. ही माझी चप्पल."

"तिचं झालं, आजी. ऑपरेशन निघालंय. मंगळवारी घेऊन या."

"तिचं कसलं ऑपरेशन? मला दिसत नाही."

"तुम्हाला दाखवायचं असेल तर तुमच्या नावानं टोकन लागेल. कागद आहेत? राहण्याचा पुरावा?"

आमच्या वस्तीला घर नंबर नाहीत. डोंगर पुढं सरकतो तशा खोल्या मागं सरकतात, नंबर टाकणार कुठं?

तेवढ्यात सून पोचली. "चपलेकडे मागितला होता का पुरावा?"

"चपलेला कुठला पत्ता? 'पत्ता नाही' असं स्वच्छ लिहिलंय बघा."

"आईंनाही नाही. तसंच लिहा."

"अहो ताई, त्या माणूस आहेत," टोकनवाला अगदी समजुतीनं म्हणाला. "माणसाला पत्ता लागतो."

सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. पण बाई हुशार. मला उचललं, केस पेपर पदरात बांधला आणि म्हणाली, "ठीक आहे. मंगळवारी आणते. सोबत नातेवाईक चालतो ना?"

"एक चालतो."

असं आजी माझी नातेवाईक म्हणून मोठ्या दवाखान्यात आली. सून दारापर्यंत सोडून बाहेर बसली. मला कॉट मिळाली, पांढरी चादर मिळाली. पट्ट्याला नंबराची चिठ्ठी बांधली. आजी खाली फरशीवर. एका सिस्टरनं विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?" आजी म्हणाली, "कधीच काही खात नाही हो ती." सिस्टर खूश झाली. दर दहा मिनिटांनी मला थेंब घालत होते, मी चिंब. मला रडू येत होतं, पण लोकांना वाटलं औषध ओघळतंय.

कारण खरं सांगू? मला भीती वाटत होती. ऑपरेशनची नाही, मला काय कापायचंय? भीती ही, की माझं होऊन जाईल आणि आजीचं राहील. मग तिला घरी बसवणार. काचेवाचून त्या घरात दोन वेळची चूल पेटत नव्हती.

वॉर्डबॉयनं मला उचलून ऑपरेशनच्या दारापाशी नेलं. मागून नातेवाईक. दारात मोठ्या सिस्टर उभ्या, चष्मा नाकावर, कमरेवर हात.

"हे काय आणलंस?"

"पेशंट. नंबर वीस."

"ही चप्पल आहे."

"हो, पण पेशंट आहे. कागद बघा."

मोठ्या सिस्टरनी कागद पाहिला. उलटा केला, सुलटा केला. कागदात कुठंच खोट नव्हती. मग त्यांनी दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं: चपला बाहेर काढाव्यात. "तेवीस वर्षं मी या दारात आहे. मंत्र्याची चप्पल आत गेली नाही. ही जाणार नाही."

"मग ऑपरेशन रद्द लिहू?"

आजीनं भिंत धरली. मोठ्या सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. खाली तिच्या पायाकडे पाहिलं, चिंधीकडे. पुन्हा कागदाकडे.

"रद्द कशाला? नियम काय आहे? पेशंटनं चप्पल बाहेर काढायची आणि उरेल ते आत न्यायचं. चप्पल काढल्यावर काय उरतं इथं?"

वॉर्डबॉयनं इकडंतिकडं पाहिलं. "ही आजी."

"मग उरलेलं आत घे. आणि आधी तिच्या डोळ्यात थेंब घाल. सगळे चपलेवर ओतून बसलात!"

आजी आत गेली. मी दाराबाहेर, कोपऱ्यात. इतका आनंद मला नवीकोरी असतानाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आजी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली, चपलांच्या ढिगापाशी थांबली आणि डाव्या डोळ्यानं बघायला लागली. एकेक चप्पल नीट बघितली. माझ्यापाशी आली आणि खाली बसली.

"अगं बाई," ती म्हणाली, "तू हिरवी होय! आणि केवढी ही अवाढव्य!" मग हसता हसता रडायला लागली. सिस्टर ओरडल्या, "आजी, रडायचं नाही, टाका ओला होईल!" पुढचा महिना उजाडला आणि मुकादमाच्या तोंडाला कुलूप लागलं. पांढऱ्यात हिरवी काच औषधाला सापडेना. पण उजव्या बाजूचं आजीला अजून दिसत नाही. उजवा हात रोज कापतो.

आज गाडी परत आलीय. वस्तीत बातमी केव्हाच पसरली होती: माणसाला कागद मागतात, वस्तूला मागत नाहीत. म्हणून आज रांगेत चपला आहेत, डबे आहेत, एक तुटकी खुर्ची आहे, कॅनवाल्या आजोबांनी या वेळी काळं गाडगं आणलंय. माणसंही आली आहेत, पण रांगेत नाहीत. सगळी पिंपळामागच्या भिंतीकडेला, नातेवाईक म्हणून बसली आहेत. मी पहिली आहे.

गाडीतून नवीन डॉक्टरबाई उतरल्या. तरुण आहेत. मघापासून रांगेकडे बघत उभ्या आहेत. आत्ताच मोठ्यानं म्हणाल्या, "हा काय प्रकार आहे? मला माणसं तपासायची आहेत. माणसांनी पुढं या."

भिंतीकडचं एकही माणूस हललं नाही. सगळ्यांनी आपापल्या वस्तूकडे बघितलं. आजी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "जा गं, तुझा नंबर आहे."

टोकनवाला वही घेऊन माझ्यावर वाकलाय.

डॉक्टरबाई, त्याला थांबवा. मला काही झालेलं नाही. मला डोळेच नाहीत. तिकडे भिंतीला टेकून बसलीय ना, एका पायानं अनवाणी, तिच्याकडे जा. कागद नाही तिच्याजवळ. उजवा डोळा आहे. तो बघा.