बारा बटणं

"बटण," संगणक म्हणाला. त्याने कळ दाबली. "बटण." पुन्हा दाबली. "बटण."

"अहो, किती वेळा तेच ते?" बायको आतून ओरडली.

"बारा वेळा. बाराही जणांचं नाव एकच. हाक मारायची कुणाला?"

तो एका कारखान्यातला निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. चाळिशीत दृष्टी गेली, तरी नुसत्या आवाजावरून माणूस ओळखण्यात तिथे त्याचा हात कुणी धरत नसे. आता पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्याने संगणकात बसवून घेतला होता. वाचनालयाची बोलकी पुस्तकं घरबसल्या मागवता यायची. त्यामागचं सॉफ्टवेअर ठिकठिकाणची माणसं फावल्या वेळात, फुकट, मिळून बनवत. नवी आवृत्ती पंधरवड्याने येणार होती. ती आधी तपासून चुका कळवायची कुणालाही मुभा होती. बटणांना नावंच नाहीत ही चूक त्याने कळवली. उत्तर आलं, "आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय." तक्रार बंद.

"दिसतंय म्हणे! तेच तर दुखणं आहे."

"जाऊ द्या ना. मी आहे की वाचून दाखवायला."

ती होतीच. वीस वर्षं पुस्तकांची यादी तीच वाचायची आणि वाचता वाचता निवडही तीच करायची. "हे नको, रडकं आहे. हे तर तुम्हाला झेपायचंच नाही."

त्याने तक्रार पुन्हा उघडली. ती पुन्हा बंद झाली. तिसऱ्यांदा त्याने खाली आपला फोन नंबर लिहिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सॉफ्टवेअरमधला बटणांचा भाग सांभाळणारी मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची. "काका, बटणांवर चित्रं आहेत ना. भिंग म्हणजे शोधा, बाण म्हणजे..."

"वाचून दाखवणारा आवाज लाव, पडदा बंद कर आणि एक पुस्तक मागवून दाखव."

हो-नाही करता करता तिने तसं केलं. त्याला फोनवर कळांची टकटक ऐकू येत होती. "बटण. बटण. बटण." मग आणखी एक टक.

"काका, मी बहुतेक माझं खातंच बंद करून टाकलं."

"माझं दोनदा झालंय," तो म्हणाला.

तिने त्याला त्या भागाची फाइल पाठवली. बटणांच्या नावांच्या जागा कोऱ्या होत्या. "तुम्हीच भरा." त्याला दोन दिवस लागले. शोधा. मागवा. परत करा. एक नाव तिने परत पाठवलं, लांबलचक आहे म्हणून. त्याला राग आला. संध्याकाळी मात्र त्याने ते निम्मं केलं. त्याची दुरुस्ती नव्या आवृत्तीत गेली आणि हातभार लावणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. बायकोने ते मोठ्याने वाचलं, लगेच बहिणीलाही फोन करून सांगितलं.

ती फोन ठेवून आली तेव्हा तो कानाला हेडफोन लावून बसला होता.

"काय मागवलंत?"

"आहे एक पुस्तक."

"एक म्हणजे कोणतं?"

"नाही सांगणार."

ती हसली. मग थांबली. वीस वर्षांत त्याचं एक पत्र, एक पुस्तक, बँकेचा एक कागद तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. खुर्चीच्या पाठीवर तिने क्षणभर हात ठेवला. हेडफोनमध्ये कुणीतरी वाचायला लागलं होतं, आणि त्याचा चेहरा तिला ठाऊक नसलेल्या कशाने तरी उजळला होता.

"बरं," ती म्हणाली, आणि बाहेर जाताना खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.