दोन्ही बाह्या डाव्या

माझी मोठी बहीण कापड बेतायची आणि मी शिवायची. एकोणतीस वर्षं आमचं दुकान असंच चाललं. ताईला उठताबसता देवाचे आभार मानायची सवय. वीज गेली तरी आभार, धुतल्यावर कापड आटलं तरी आभार! मीही चर्चला जाते, नाही असं नाही. पण ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. घरात मला मिरची म्हणतात ते काही उगीच नाही.

"एखाद्या दिवशी देवाशी भांड की!" मी म्हणायची.

"भांडते ना," ती हसून म्हणे. "पण आधी आभार मानून घेते. मग भांडायला तोंड राहतं."

गेल्या महिन्यात तिने एका गर्द निळ्या कोटाच्या बाह्या बेतल्या. मी जोडायला घेतल्या आणि हबकलेच. दोन्ही डाव्या! कापडाची सुलट बाजू कुठली, तेच तिला दिसलं नव्हतं. नवशिक्याची चूक, आणि ती ताईच्या हातून? कापड गिऱ्हाइकाचं, तेही संपलेलं. मी इतकी आदळआपट केली की शेजारचा चांभार डोकावून गेला.

ताईने खडू खाली ठेवला. "मिरचे, बरेच दिवस मी अंदाजानेच कापतेय गं," ती म्हणाली. "सांगायचा धीर होत नव्हता."

माझा राग कुठल्या कुठे पळाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन तास तपासलं. मधली नजर गेलीय, ती परत यायची नाही. कडेचं दिसत राहील. पण बेतायचं काम आता बंद. ताईने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "खरं सांगितलंत, फार आभारी आहे." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. ताईने डोळे मिटले. "देवा, डॉक्टर चांगली भेटली, आभार. उजेड कळतोय, आभार. एकोणतीस वर्षं हात चालला, त्याबद्दल..."

ती हमसाहमशी रडायला लागली. "आज नाही गं जमत," एवढंच म्हणाली.

मी समजत होते, बाईचा स्वभावच तसा, तिला काय कष्ट पडतात! पण नाही. ती रोज कंबर कसून आभार मानत होती, आणि मी रोज तिची थट्टा करत होते. मला माझीच लाज वाटली. एवढी खंबीर बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मी तिचा हात धरला. मला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, तरी केली.

"देवा, तुझ्यावर माझा भयंकर राग आहे. तो काही आज जायचा नाही. पण हिला माझी बहीण केलंस, त्याबद्दल आभार."

समोरची नर्स थबकून बघत राहिली. बघेना का!

"आमेन," ताई म्हणाली, रडत रडतच, पण चांगलं मोठ्याने.