शाल, नारळ आणि चौथा मजला

मुलुंडच्या त्या सोसायटीची लिफ्ट गणपतीत बंद पडली, ती सव्वीस जानेवारी उजाडली तरी बंदच. दोन कुबड्यांवर रोज चौथा मजला चढणाऱ्या कुंदा सामंतच्या तोंडाला कमिटीला सांगून सांगून फेस आला. सेक्रेटरी दिघ्यांचं एकच, "बघतो ना ताई, जरा धीर धरा."

झेंडावंदन झालं आणि दिघ्यांनी माईक धरला. "लिफ्ट नाही, तरी या ताई रोज वर चढतात! कधी तक्रार नाही! यांच्याकडून प्रेरणा घ्या!"

टाळ्या कडाडल्या. कुंदा मनात फणफणली. तक्रार नाही? मेल्या, तुझ्या दारात घसा सुकवला तो काय आरती म्हणायला?

तिच्या खांद्यावर शाल आली, पाठोपाठ समोर नारळ. दोन्ही हात कुबड्यांवर असलेल्या बाईने नारळ घ्यायचा कशाने, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिघे नारळ पुढे धरून कॅमेऱ्याकडे बघत हसत राहिले.

"माझे हात मोकळे नाहीत," कुंदा म्हणाली. माईक चालूच होता. "तुम्हीच घरी आणून द्या ना."

दिघ्यांचं हसू उतरलं. "चौथ्या मजल्यावर? अहो ताई, माझे गुडघे कुठे साथ देतात! वॉचमनला सांगतो."

"वॉचमनला नको. लिफ्टवाल्याला सांगा."

त्यावरही टाळ्या पडल्या. "काय स्पिरिट आहे ना!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि कुंदाने जिन्याच्या पहिल्या पायरीवर कुबडी टेकवली.