आप्पासाहेबांचं नाव राहिलं

गारखेड्यातल्या त्या कॉलेजात नेतृत्व आणि वक्तृत्व शिबिर भरलं, तेव्हा मुलींच्या होस्टेलचे नळ कोरडे ठणठणीत होते. आता तुम्ही म्हणाल, आधी पाणी तरी द्यायचं. अहो, पाण्यानं कुठं नेते घडतात?

होस्टेलच्या पोरींनी शकीलाला शिबिरात ढकललं ते पाण्यासाठीच. "समारोपाला संस्थेचे अध्यक्ष येणारेत, आप्पासाहेब. ऑफिसात सांगून सांगून तोंड दुखलं. आता तूच माइकवरून बोल," तिच्या खोलीतली द्वारका म्हणाली. शकीला वेरूळची, लेण्यांपुढं टोप्या विकणाऱ्या दाऊदभाईंची लेक. खोलीत तिची जीभ कात्रीसारखी चालायची, पण चार माणसं समोर दिसली की बोबडी वळायची.

शिबिर घेणारे काकासाहेब सर म्हणजे बडं प्रस्थ. माइक दिसला की त्यांच्या अंगातच यायचं. हात कुठं उडवायचा, कुठं थांबायचं, टाळी कशी घ्यायची, सगळं त्यांनी घोटून घेतलं. त्यांचं सगळं नेतृत्व मात्र एकाच गोष्टीत होतं. "व्यासपीठावरच्या एकाचंही नाव राहिलं ना, तर तुम्ही संपलात! माणूस भाषण ऐकायला येत नाही बाळांनो, स्वतःचं नाव ऐकायला येतो."

शकीला आधी रडकुंडीला आली. मग न्हाणीघरात बादलीपुढं उभी राहून नावं घेत सुटली. आवाज झकास घुमायचा, बादली रिकामीच होती ना! हळूहळू बोबडी वळायची थांबली.

समारोपाला व्यासपीठ गच्च भरलं. शकीलानं खणखणीत आवाजात सगळ्यांची नावं घेतली. मधेच आणखी पाहुणे येऊन टेकले, त्यांचीही घेतली. "आता माझा विषय," असं म्हणते तोच वेळ संपल्याची घंटा वाजली. टाळ्यांचा कडकडाट! शिबिरातलं सर्वोत्कृष्ट भाषण हेच, असं काकासाहेबांनी तिथंच जाहीर करून टाकलं. मागं द्वारकेनं कपाळावर हात मारला. शकीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सत्कार झाले, शाली झाल्या, नारळ झाले, आप्पासाहेबांचं भाषण झालं. बाहेरून समोशांचा वास यायला लागला, तसं आभार मानायला कुणी पुढं होईना. शकीला उठली. आभाराला घंटा नसते, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिनं एकेकाचे आभार मानले. ज्याचं नाव झालं तो हळूच उठून समोशांकडं गेला. शेवटी व्यासपीठावर एकटे आप्पासाहेब उरले, शाल सावरत, हसू तयार ठेवून.

"आणि आपले अध्यक्ष," शकीला म्हणाली आणि थांबली. थांबायचं सरांनीच शिकवलं होतं. "त्यांचे आभार मानायला आम्ही होस्टेलच्या पोरी लई आतुर आहोत. पण नळाला पाणी नाय, अंघोळी नायत. पारोशा तोंडानं एवढ्या मोठ्या माणसाचं नाव कसं घ्यावं? पाणी आलं की घेते."

काकासाहेबांना घाम फुटला. आप्पासाहेबांना उठताही येईना अन् बसताही येईना. आभारात स्वतःचं नाव ऐकल्याशिवाय ते उभ्या जन्मात कुठल्या कार्यक्रमातून उठले नव्हते. अखेर त्यांनी माइक ओढला. "संध्याकाळच्या आत टँकर येईल!" पोरींनी हॉल डोक्यावर घेतला.

टँकर खरंच आला, आणि त्याच्या पाठोपाठ आप्पासाहेबांची गाडी. अंगणातल्या टाकीत धो धो पाणी पडायला लागलं आणि शकीलाला भरून आलं. आपण बोललो, आणि पाणी आलं! या अल्ला!

आप्पासाहेब घसा खाकरत जवळ आले. "पोरी, ते आमचं... राहिलं होतं."

शकीलानं भरलेली बादली खाली ठेवली, ओढणी नीट केली आणि अदबीनं म्हणाली, "घेते की साहेब. टँकरचं झालं, आता तेवढं नळाला येऊ द्या."