दोन ते पाच

लिफ्टची घंटा तिसऱ्यांदा वाजली, तसं चिठ्ठीबाईनं चिठ्ठ्यांचं पुस्तक मिटलं आणि खोलीभर नजर फिरवली. बटणं निवडणाऱ्या अकरा बायका मान खाली घालून निवडत होत्या. चार भोकांची इकडे, दोन भोकांची तिकडे. एरवी टाचणी पडली तरी माना वर करणाऱ्या या बायकांना आज काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"साहेब अडकलेत वाटतं," एक बटण उजेडात धरून तपासनीस म्हणाला.

"वाटतंय खरं."

"मिस्त्रीला बोलवायला हवं."

"हवंच. कोण जातंय?"

कोणी उठलं नाही. उठणार कसं? बिनचिठ्ठीचं जागेवरून हलायचं नाही, हा साहेबांचाच नियम. मग घशाला कोरड पडो की पोटात कळ येवो. चिठ्ठीबाईनं चिठ्ठी लिहायची, साहेबांनी कारण वाचून तोंड वाकडं करायचं, आणि मनात आलं तर सही ठोकायची. मागे कचऱ्याच्या डब्यानं पेट घेतला तेव्हा एक भला माणूस बादली घेऊन धावला होता. आग विझली. दुसऱ्या दिवसापासून तो घरी. का, तर चिठ्ठी नव्हती. तळमजल्यावरच्या मिस्त्रीलाही लिफ्टपाशी यायला चिठ्ठी लागायची. मोबाइल सगळ्यांचे फाटकावर जमा, आणि साहेबांचा केबिनमध्ये चार्जिंगला.

सह्या आणायच्या म्हणून चिठ्ठीबाईला तेवढी हिंडायची मुभा होती. पुस्तक काखेत, पर्स खांद्याला, अशी ती लिफ्टपाशी गेली. दाराला दोन बोटांची फट होती.

"कोण आहे तिकडे?"

"मी आहे, साहेब."

"तू होय. बहिरे झालात काय सगळे? मिस्त्रीला पाठव."

"पाठवते. चिठ्ठी लागेल."

आतून दारावर थाप पडली.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? छातीत दुखतंय माझ्या. मरायला टेकलोय मी इथे."

हे शब्द तिच्या ओळखीचे होते. आठ महिन्यांपूर्वी तिनंच ते या माणसासमोर उच्चारले होते, हात जोडून. साहेब, वडील मरायला टेकलेत, तीन तास सोडा. त्यावर साहेब म्हणाले होते, मरायला टेकलेली माणसं चार-चार महिने टेकून असतात, मी पाहिलीत. चिठ्ठी त्यांनी पेपरवेटखाली सरकवली आणि जेवायला गेले ते सहालाच उगवले. बाबा चार वाजून दहा मिनिटांनी गेले. शेजारच्या खाटेवरचा माणूस नंतर तिला म्हणाला, दाराकडे तोंड करून पडले होते हो.

तिनं पुस्तक उघडलं. नावाच्या रकान्यात 'मिस्त्री' लिहिलं. मग हात थांबला. राग आला म्हणावं, तर तसंही नव्हतं. फार थकल्यासारखं झालं तिला. तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली, उलगडली आणि पेनासकट फटीतून आत सरकवली.

"कारण वाचताय ना, साहेब?"

"कसलं कारण घेऊन बसलीस, बाई? कुठे करू सही?"

"खाली. नेहमीच्या जागी."

चिठ्ठी पेनासकट बाहेर आली, घामानं ओली. सही वेडीवाकडी होती, पण त्यांचीच. तारखेचा रकाना रिकामा होता. तिनं भिंतीचा आधार घेऊन तिथे आजची तारीख घातली.

ती खोलीत परत आली तसं तपासनिसानं विचारलं, "झाली सही?"

"झाली."

"मग मिस्त्री?"

"त्याच्या नावाची नाही झाली."

तपासनीस तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं दुसरं बटण उचललं. ती जिना उतरली.

फाटकावरच्या रखवालदारानं चिठ्ठी लांब धरून वाचली. "वडील अत्यवस्थ. दोन ते पाच. अरेरे. मग आधी नाही का यायचं, ताई?"

"सही मिळायला वेळ लागला."

"जा, जा. अशा वेळी कोण घड्याळ बघतंय?"

घड्याळात दोनला पाच कमी होते. ती फाटकाशेजारच्या बाकावर बसली. "दोनला निघते. चिठ्ठीत तसंच लिहिलंय."

रखवालदारानं कान टवकारले. "वर मघापासून काय वाजतंय हो?"

"लिफ्टची घंटा."

"बघायला गेलो असतो, पण..." त्यानं फाटकाकडे बोट केलं.

"हो ना," ती म्हणाली.

पर्स मांडीवर घेऊन ती बसून राहिली. घंटा वाजत होती. मग थांबून थांबून वाजायला लागली. तिची नजर दोनदा जिन्याकडे गेली, दोन्ही वेळा घड्याळावर परत आली. दोन वाजले तेव्हा घंटा बंद होती.

ती उठली आणि पदर सारखा केला.

"पाचला येते परत," ती म्हणाली.