पाणी आत येतंय

पोलिस कंट्रोल रूममध्ये मी फोन घेत नाही, गाड्या पाठवते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सासूबाई अजून विचारतात, "काय गं, आज किती चोर पकडलेस?" फोन घेणारे समोरच्या रांगेत बसतात. ते ऐकतात, टाइप करतात, ते माझ्या पडद्यावर उमटतं आणि मी वायरलेसवरून जवळची पोलिस गाडी पिटाळते.

समोरच्या रांगेत झटपट बसतो. हे त्याचं आमच्यातलं नाव. एकाच अपघाताचे ढीगभर फोन आले, की "कळलं, गाडी निघालीय, लाइन मोकळी ठेवा," असं म्हणून तो फोन आधीच्या नोंदीला जोडतो आणि पुढचा घेतो. शिकवलंयच तसं आम्हाला. नाहीतर घरात चोर शिरलेला माणूस ताटकळत बसायचा.

त्या दुपारी कालव्यावरच्या पुलावर पाण्याचा टँकर उलटला. झालं! सगळं गाव फोनवर. रस्त्यावर पाणीच पाणी झालंय, ड्रायव्हर शिव्या देतोय, गाड्या तुंबल्यात. एक पठ्ठ्या तर विचारत होता, बादली घेऊन गेलो तर चालेल का? झटपटने फोन जोडायचा नुसता सपाटा लावला.

थोड्या वेळाने पुलावरच्या गाडीतला हवालदार वायरलेसवर आला. "ताई, ड्रायव्हरला खरचटलंय. कठडा तुटलाय, टँकरनेच तोडला असणार. बाकी कोणी नाही. क्रेन आलीय. नोंद बंद करा."

नोंद बंद केली, की तिला जोडलेले सगळे फोन बंद. ते कोणी वाचत बसत नाही. मी तरी कशाला वाचतेय! मी आपली त्या बादलीवाल्याची ओळ शोधत होते, शेजारणीला दाखवून हसायला. तर तिच्याच खाली एक ओळ दिसली. 'महिला. पुलाजवळ. टँकर. मुलगी सोबत. पाणी आत येतंय.'

आत? टँकरचं पाणी रस्त्यावर होतं.

"झटपट, ही बाई कुठून बोलत होती रे?"

"पुलावरून. टँकरचंच आहे ते, ताई. जोडलंय मी."

"अरे, पण पाणी आत म्हणजे कशाच्या आत?"

त्याने ती ओळ आपल्या पडद्यावर काढून पुन्हा वाचली. चेहरा पांढराफटक पडला. हे त्याच्याच बोटांनी टाइप केलं होतं.

मी तो नंबर लावला. तिने लगेच उचलला.

"ताई, कुठे आहात तुम्ही?"

"गाडीत. पुलाखाली, कालव्यात. टँकरने ढकललं आम्हाला. दारं उघडत नाहीत. माझ्या छातीपर्यंत पाणी आलंय, पोरीला सीटवर उभी केलीय." आणि मग माफी मागितल्यासारखं म्हणाली, "मी परत फोन नाही केला हो. ते दादा म्हणाले ना, लाइन मोकळी ठेवा."

अगं बाई गं! वायरलेसमध्ये मी अक्षरशः किंचाळले, "खाली बघ! कठड्यावरून खाली बघ!"

"खाली काय आहे, ताई?"

"मेल्या, विचारत काय बसलास, बघ!"

नुसती खरखर. मग "आई गं!" आणि धावणारे बूट.

काच फोडून आधी पोरीला काढली, मग आईला. दोघी जिवंत. खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मला त्याचा इतका संताप आला! झटपट तर खुर्चीत बसायचंच विसरला होता.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून त्या बाईचा फोन आला. पहिल्यांदा बोललेले दादाच हवे होते तिला. आमच्या शिफ्टच्या साहेबांनी मानेनेच नको म्हटलं, तरी झटपटने फोन घेतला. मीही माझ्या हेडफोनवर ऐकत होते.

"दादा, देव तुमचं भलं करो. पोरगी आकांत करत होती. मी तिला सारखी सांगत होते, आपल्यासाठी गाडी निघालीय, दादांनी सांगितलंय. तेवढ्यावर शांत राहिली बघा."

'हो ताई, काळजी घ्या,' म्हणून सुटता आलं असतं. मी तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू. साहेबही हाताने तेच खुणावत होते.

"ताई," झटपट म्हणाला, "तुमच्यासाठी गाडी निघालीच नव्हती. ती टँकरसाठी गेली होती. तुमचं मी ऐकूनच घेतलं नाही."

मला वाटलं आता शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटलं.

मग तिने अगदी हळू विचारलं, "म्हणजे एवढा वेळ मी पोरीला काय सांगत होते?"