नंदाबाईची सही

दस्त नोंदणीच्या कचेरीत त्यांचा नंबर चौदावा होता आणि बारावा आत गेला होता. तृप्तीच्या हातात आज सकाळीच काढलेली मिळकत पत्रिका होती. दलालानं दिलेली झेरॉक्स जुनी वाटली, म्हणून तिनं ताजी नक्कल काढली होती. जालन्यातल्या मस्तगडचं ते घर घ्यायला ती आणि तिचा नवरा कल्याण आठ वर्षं भाड्याच्या खोलीत काटकसर करत होते. पत्रिकेवर मालक बद्रीनाथच्या खाली आणखी एक नाव होतं.

“नंदाबाई कोण?” तिनं विचारलं.

“बहीण माझी. मंठ्याला असती,” बद्रीनाथ म्हणाला. “तिनं हक्क सोडलाय.”

“कागद दाखवा.”

“घरी राह्यला.”

“मंग फोन लावा त्यांना.”

बद्रीनाथनं उगाच खिसा चाचपला. “नंबर न्हाई माझ्याकडं.”

“सख्ख्या बहिणीचा?”

दलाल पुढं सरकला. “वहिनी, एकट्याची सही चालती इथं. जल्दी करा, दुसरं गिऱ्हाईक तयार हाये.”

कल्याणचे कान तापले. “तृप्ती, लोक बघून राह्यलेत,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “सही करून टाकू.”

आतून तेराव्याचा पुकारा झाला. तृप्तीनं कागद पिशवीत कोंबले. “आज न्हाई. आधी मंठ्याला जाऊ.”

मंठ्याच्या गाडीत कल्याण खिडकीकडं तोंड करून बसला.

विचारत विचारत ते पोचले, तेव्हा नंदाबाई बी-बियाण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसली होती. तिनं चष्मा लावून पत्रिका दोनदा वाचली.

“हक्क सोडला? मी?” तिनं पत्रिका गल्ल्यावर आपटली. “बाप गेल्यापासून या भावानं मला दारात उभं केलं न्हाई. मागच्याच आठवड्यात त्या घरावर दावा टाकलाय मी.”

कल्याणनं विचारलं, “आज आम्ही सही केली असती तर?”

“तर कोर्टाच्या पायऱ्या तुम्ही बी चढले असते, भाऊ.”

तो मटकन बाकावर बसला. तृप्तीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला.

इसार म्हणून आधी दिलेले पैसे परत द्यायला बद्रीनाथनं तीन महिने फिरवलं. घर अजून झालेलं नाही. रविवारी दोघं नव्या जालन्यातलं एक घर बघायला जाणार आहेत. त्या घराच्या मालकाला त्याच्या चारही भावंडांना बोलवायला कल्याणनंच सांगितलंय.